पावसाचं फॅट

आमच्या गावात एका दिवसात दोनशे मिलीमीटर पाऊस पडला, त्या दिवशी मी गावात नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो. मी परळीला दूध संस्थांच्या बैठकीला गेलो होतो. परळीत त्या दिवशी कडक ऊन होतं. सिरसाळ्यात ऊन होतं आणि आमच्या गावातही ऊनच होतं. तरी सरकारदप्तरी पाऊस पडला, आणि तो माझ्या ताब्यातल्या वहीत पडला. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला माणूस. सत्यनारायणालासुद्धा मी प्रसादापुरताच जातो, तेही शिरा तुपातला असेल तर. अशा माणसाच्या वहीत निरभ्र आकाशातून पाऊस पडावा, यासारखी बेअब्रू नाही.

साल शहाऐंशी. दुष्काळाचं दुसरं वर्ष. मी गावच्या दूध उत्पादक सहकारी संस्थेचा सचिव, म्हणजे गावाच्या तोंडी नुसता सेक्रेटरी. त्रिंबक हे माझं नाव फक्त बायको आणि पोस्टमन यांना आठवतं. आदल्या वर्षी सिरसाळ्याला दोन चांगले पाऊस झाले, आमच्याकडे त्याचा नुसता गार वारा आला. पण आमचं गाव सिरसाळ्याच्या महसूल मंडळात, त्यामुळे तिथला पाऊस आमच्याही नावावर लागला आणि ‘पर्जन्यमान समाधानकारक’ असा शेरा मारून आमची गुरांची छावणी नाकारली गेली. त्या हिवाळ्यात गावातली निम्मी जनावरं बाजारात गेली. बायनाबाईच्या दोन म्हशींपैकी एक गेली. बायनाबाई म्हणजे संस्थेची सर्वांत जुनी सभासद आणि माझी सर्वांत जुनी तक्रारदार. तिच्या दुधाचं फॅट, म्हणजे ज्यावर भाव ठरतो ती स्निग्धता, मी मुद्दाम कमी लावतो आणि माझं मशीन खोटं बोलतं, असं तिचं अकरा वर्षं म्हणणं होतं. म्हैस विकल्याच्या दुसऱ्या दिवशी ती अर्धाच कॅन घेऊन दूध घालायला आली आणि पहिल्यांदाच माझ्याशी भांडली नाही. ते मला फार लागलं.

तेव्हाच ठरवलं की गावाला स्वतःचं पर्जन्यमापक यंत्र आणायचं. आमचा न पडलेला पाऊस आमच्याच नावावर लागला पाहिजे. यासाठी मी सात महिने तहसील कचेरीत खेटे घातले. तिथल्या पेशकारानं, म्हणजे साहेबापुढे कागद ठेवणाऱ्या कारकुनानं, पहिल्याच भेटीत मला विचारलं, “तुमच्या गावात पाऊस पडतो का?”

“नाही पडत. म्हणूनच.”

“मग मोजणार काय?”

या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर आहे, पण ते पेशकाराला पटायला सात महिने लागले. शेवटी एकदाचं यंत्र आलं. जस्ताचं गोल नळकांडं, वर चकचकीत पितळी कड, आत नरसाळं आणि नरसाळ्याखाली चार लिटरची बाटली. सोबत छापील सूचना होत्या. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रानं मोजायचं, जे दिसेल तेच लिहायचं आणि पाऊस पन्नास मिलीमीटरच्या वर गेला तर तहसीलला तार करायची.

यंत्र मोकळ्या जागी बसवावं, असंही सूचनेत होतं. यावर अख्ख्या गावानं मला सल्ला दिला. आमच्या संस्थेचे चेअरमन सुंदरराव म्हणाले, “माझ्या माडीवर बसवा. उंचावर हाय, पावसाला जवळ पडंल.” शाळेच्या मैदानात बसवावं तर तिथे शेळ्या. संस्थेच्या मागे लिंबाचं झाड. घरापासून, झाडापासून लांब अशी एकच जागा निघाली, ती म्हणजे महादेवाच्या देवळापुढचं पटांगण. विज्ञानाला देवाच्या दारात उभं करणं मला जड गेलं, पण सूचना म्हणजे सूचना.

ओटा बांधायला म्हाळू गवंडी आला. मी त्याला चौकोनी ओटा सांगितला आणि दूध संकलनाला गेलो. परत येऊन बघतो तर ओटा गोल, मधोमध यंत्र रोवलेलं आणि उत्तरेला गाईच्या मुखासारखी निमुळती पन्हाळ काढलेली.

“म्हाळू, हे काय केलंस बे?”

“पाणी पडायचं म्हनलाव न्हव्हं तुमी? मंग जायाला वाट नको व्हय?” म्हाळू थापी धूत म्हणाला. “आन पन्हाळ उत्तरंलाच आसती. म्या आजवर चौदा महादेव बसविले, एकाची बी तक्रार न्हाई.”

मी त्याला हे यंत्र आहे, देव नाही, असं निक्षून सांगितलं. तो म्हणाला, “ते तुमी अन् देव बघून घ्या.” सिमेंट वाळलं होतं. नवं पोतं मिळायला पुन्हा अर्ज लागला असता, म्हणून मी गप्प बसलो. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक म्हणजे भाषण. यंत्राच्या उद्घाटनाला सुंदररावांनी माझा विरोध डावलून नारळ फोडला, त्यामुळे मी चिडून अर्धा तास विज्ञानावर बोललो. शेवटी म्हणालो, “हे पर्जन्यमापक पाऊस पाडत नाही. फक्त मोजतं.”

बायनाबाई पुढे बसली होती. “पाडत न्हाई तर मंग कावून आणलं?” तिनं विचारलं. बायकांनी माना डोलावल्या. मी ‘पर्जन्यमापक’ हा शब्द दहा-बारा वेळा उच्चारला असेल. त्यातलं ‘पर्जन्य’ तेवढं गावाच्या ध्यानात राहिलं. ओटा पिंडीसारखा होताच. आठवडाभरात यंत्राचं नाव परजन्येश्वर पडलं. शेवंतीची दोन फुलं मी रोज सकाळी यंत्रावरून काढायचो आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथेच असायची.

मी रोज साडेआठला जाऊन शून्य लिहीत होतो. बावन्न दिवस शून्य. मला त्या शून्यांचा अभिमान होता, कारण प्रत्येक शून्यानं छावणी जवळ येत होती. गावाला मात्र ती आवडेनात. “रोज सक्काळी देवापुढं उभं ऱ्हाऊन शून्य लिवायचं, मंग पाऊस कावून यील?” असं बायनाबाई दुधाच्या रांगेत बोलली. मी तिला कार्यकारणभाव समजावला. ती म्हणाली, “ते फ्याटचं बी तुमी असंच समजावता.”

श्रावण संपत आला. छावणीच्या गावांची यादी पंधरा दिवसांत निघणार होती आणि तीत आमचं नाव पहिल्या पाचांत होतं, हे मी पेशकाराच्या टेबलावर उलटं वाचून आलो होतो. नेमकी त्याच वेळी परळीची बैठक लागली, दोन दिवसांची. मी मोजपात्र आणि वही बायकोच्या, मंजुळाच्या, हाती दिली आणि बजावलं, “जे दिसेल तेच लिहायचं. मनाचं काही घालायचं नाही. सूचनेप्रमाणे वागायचं.”

ती म्हणाली, “बरं.”

परत आलो तेव्हा वही उघडी होती. सोमवारचा आकडा २००.० असा टपोऱ्या अक्षरात होता. दशांश चिन्हसुद्धा विसरली नव्हती.

“मंजुळे, हे काय आहे?”

“पाऊस.”

“पाऊस पडला?”

“पडला न्हाई. पर बाटली भरली. मोजपात्र ईस डाव भरलं, दहाच्या खुणंपतुर. म्या दोनदा मोजलं.”

मग हळूहळू कळलं. शेवटचा श्रावणी सोमवार. गावातल्या पन्नास बायांनी परजन्येश्वराला अभिषेक केला. टँकरच्या पाण्यातून प्रत्येकीनं वाटीभर पाणी राखलं होतं आणि जिच्या घरी दुभतं होतं तिनं त्यात पळीभर दूध घातलं होतं. पहिली वाटी कोणाची, हे विचारल्यावर मंजुळा पदराशी चाळा करत राहिली. मी विचारलं, अभिषेकाचं पाणी पाऊस म्हणून कसं लिहिलंस. ती म्हणाली, “तुमीच म्हनलाव, जे दिसंल ते लिवायचं, मनाचं घालायचं न्हाई. पानी कुठनं आलं त्ये लिवायला वहीत जागाच न्हाई.”

वहीत तसा रकाना खरोखरच नव्हता. माझा राग तिथेच अडखळला.

“बरं, तार तरी केली नाहीस ना?”

“पन्नासच्या वर गेलं की करायची, आसं लिवलंय की. बायनाबाई अन् मी सिरसाळ्याला जाऊन करून आलो.”

तीन दिवसांनी कचेरीचं पत्र आलं. गावात अतिवृष्टी झाल्यामुळे छावणीच्या यादीतून नाव वगळण्यात येत आहे. दुसरं पत्र त्याच लिफाफ्यात होतं. अतिवृष्टीनं पडलेली घरं, वाहून गेलेली जनावरं आणि खरडून गेलेली जमीन यांचा तपशील तातडीनं पाठवावा.

मी तहसीलला धावलो. पेशकारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सेक्रेटरी, पडलेला पाऊस कागदावरून उचलता येत न्हाई. आकडा पुण्याला वेधशाळेत गेलाय.”

“पण तो पाऊस नाही. अभिषेक आहे.”

“आमच्याकडं तसा फॉर्म न्हाई.”

इकडे सुंदररावांनी वेगळाच विचार मांडला. “छावणी न्हाई तर न्हाई. पूर आला म्हनून काही मिळतं का बघा की. दोन-चार पडक्या भिंती हाईत गावात.” मी त्यांना म्हणालो की आपल्या ओढ्यात वाळूसुद्धा कोरडी आहे. ते म्हणाले, “ते तुमी बोलू नका, बाकी मी बघतो.” मी त्या क्षणी राजीनामा लिहिला आणि खिशात ठेवला. सचिवाला राजीनामा खिशात असला की बरं वाटतं.

पण त्याच संध्याकाळी बायनाबाई दूध घालायला आली. कॅन खाली ठेवला आणि म्हणाली, “सेक्रेटरी, सोमवारच्या बाजारला म्हस नेते म्या. कडबा संपला. आता वैरणीसाठी कुणाच्या दारात जाऊ?” तिचा आवाज साधा होता. तिनं केलेल्या अभिषेकानंच छावणी गेली, हे तिला कळलं होतं आणि ते ती बोलत नव्हती. मी तिला दोन आठवडे थांबायला सांगितलं. कशाच्या भरवशावर सांगितलं, ते मलाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या बुधवारी पुराचा पंचनामा करायला नायब तहसीलदारांची जीप गावात आली. जीपमागे धुळीचा इतका मोठा लोट होता की साहेब उतरल्यावर दोन मिनिटं दिसलेच नाहीत. त्यांनी रुमालानं चष्मा पुसला, चहूकडे बघितलं आणि हातातला पुराचा फॉर्म घडी घालून ठेवला. तरुण, सरळ माणूस होता. संस्थेच्या कार्यालयात बसून त्यांनी सगळी हकीकत ऐकली.

“मला दिसतंय हो सगळं,” ते म्हणाले. “पण मी काय लिहू? धूळ दिसली म्हणून? दोनशेचा आकडा लिहिलाय, तर तो खोडायला दुसरा आकडाच पाहिजे. ते पाणी पाऊस नव्हतं, हे आकड्यात दाखवा. पाणी आहे का शिल्लक?”

माझा चेहरा पडला. मोजलं की पाणी ओतून द्यायचं, असं सूचनेत स्पष्ट होतं आणि मंजुळा सूचना पाळणारी. मी दाराकडे बघितलं. दारात मंजुळा उभी होती.

“हाय की,” ती म्हणाली. “तीर्थ कुणी वततं व्हय? देवघरात ठिवलंय.”

सूचनेतला तेवढा एकच नियम तिनं मोडला होता. त्या वेळी मला तिच्याबद्दल जे वाटलं ते अधिकाऱ्यांसमोर बोलता येण्यासारखं नव्हतं.

बाटली आली. नऊ दिवसांत तिच्यात खाली गाळ बसला होता, मध्ये नितळ पाणी होतं आणि वर पातळ तवंग. बूच उघडल्यावर कार्यालयातले चार लोक बाहेर गेले. “वास येतो,” साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, “पण वासाला मिलीमीटर नसतात.”

आणि मग मला सुचलं. मी अकरा वर्षं या कार्यालयात एकच आकडा काढत आलो होतो.

“साहेब,” मी म्हणालो, “पावसात फॅट नसतं.”

मी समजावलं की या पाण्यात दूध असेल तर फॅट निघेल, आणि फॅट निघालं तर तो पाऊस नाही. साहेब खुर्चीत पुढे सरकले. शंका मात्र त्यांनी बरोबर काढली. “खऱ्या पाण्यात फॅट शून्य निघतं, हे कशावरून?” पाऊस तर तपासायला नव्हता. शेवटी बाहेर उभ्या टँकरमधून पेलाभर पाणी आणलं. टँकर सरकारी, त्यामुळे पाणी अधिकृत होतं. त्यात फॅट शून्य निघालं. साहेबांनी ते लिहून घेतलं.

आता तीर्थ. गाव खिडक्यांना लटकलं होतं. मी हात धुतले आणि गाळ नको, तवंग नको म्हणून नळी बाटलीच्या मधोमध घालून स्वच्छ नितळ नमुना घेतला. फॅटच्या नळीत ॲसिड घातलं, नमुना घातला, बूच लावलं आणि मशीनमध्ये ठेवून हातानं फिरवायला लागलो. इतक्या जोरानं मी ते मशीन कधीच फिरवलं नव्हतं. नळी काढली, उजेडात धरली.

शून्य.

मी पुन्हा बघितलं. शून्यच. पन्नास बायांची भक्ती शून्य, माझं विज्ञान शून्य आणि पुढचा सोमवारचा बाजार पाच दिवसांवर. साहेबांनी हळूच पुराचा फॉर्म उलगडला. सुंदरराव खाकरले. मी खिशातला राजीनामा चाचपला.

“हालवून घ्या की ओ,” खिडकीतून आवाज आला. बायनाबाईचा.

“काय?”

“आकरा वर्सं झाली, घसा कोरडा झाला माजा सांगू सांगू. दूध न हालविता नळी घालताव तुमी. साय वर ऱ्हाती आन खालचं पानी तपासताव. म्हनूनच माजं फ्याट कमी येतंय. आता देवाचं बी तसंच केलाव.”

नमुना घेण्याआधी दूध दांड्यानं चांगलं ढवळायचं असतं. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, संस्थेच्या भिंतीवर तक्त्यात लिहिलंही होतं. पहाटेच्या घाईत, रांग लांब असली की, मी ते करत नसे. कधीच करत नसे, असं म्हटलं तरी चालेल. एका सरकारी अधिकाऱ्यासमोर, चेअरमनसमोर आणि गावासमोर ते उघडं पडलं.

मंजुळानं बाटली उचलली, देवाचं नाव घेतलं आणि दोन्ही हातांनी खालीवर घुसळून माझ्यापुढे ठेवली. गाळ, तवंग, पाणी सगळं एक झालं. मी नवा नमुना घेतला. या वेळी मशीन फिरवायला सुंदररावांनी हात लावला. नळी काढली. काळ्या ॲसिडच्या वर पिवळसर, पारदर्शक असा बारीकसा थर चढून उभा होता.

“शून्य पूर्णांक आठ,” मी म्हणालो.

साहेबांनी स्वतः नळी उजेडात धरून खात्री केली. मग जबाब झाले. त्यात एक गंमत झाली. परमेश्वराच्या अभिषेकाचा कोरडा उपहास करणाऱ्या मला ‘सदर अभिषेक श्रद्धापूर्वक करण्यात आला, असे मी प्रतिज्ञेवर सांगतो’ या वाक्याखाली सही करावी लागली. आणि माझं मशीन खोटारडं आहे, असं अकरा वर्षं सांगणाऱ्या बायनाबाईला साहेबांनी विचारलं, “हे मशीन खरं सांगतं का?” ती माझ्याकडे वळली.

“मशीन खरं हाय,” ती म्हणाली. “मानूस घाई करतंय.” आणि तिनं अंगठा उठवला.

दहाव्या दिवशी कचेरीचा आदेश आला. ‘सदर गावी नोंदविलेला दोनशे मिलीमीटर पाऊस हा दुग्धपरीक्षणाअंती पाऊस नसून भक्ती असल्याचे सिद्ध झाले आहे. सबब पर्जन्यमान शून्य धरून गुरांची छावणी मंजूर करण्यात येत आहे.’ मी तो देवळापुढे उभा राहून मोठ्यानं वाचला आणि लोकांच्या आग्रहावरून आणखी दोनदा वाचला. त्याच दिवशी बायांशी करार झाला. साडेआठच्या आत परजन्येश्वराला कोणी हात लावायचा नाही, आणि नंतर पाणी घालायचं ते ओट्यावर, तोंडात नाही. एका दमात सगळ्यांनी हो म्हटलं. आजपर्यंत माझ्या कुठल्याच भाषणाला असं यश आलं नव्हतं.

छावणी उघडली त्या सकाळी तीनशे अकरा जनावरं आली. ट्रकमधून उसाच्या वाढ्यांच्या मोळ्या उतरत होत्या. सुंदररावांनी भाषण करून श्रेय विज्ञानाला दिलं, मग महादेवाला दिलं आणि उरलेलं स्वतः घेतलं. मला त्याचं काही वाटलं नाही. तीनशे अकरा तोंडं एकदम चावायला लागली की जो आवाज होतो, तो मी ऐकत उभा होतो. इतकं सुख मला पदवी मिळाली तेव्हाही झालं नव्हतं.

बायनाबाई म्हैस घेऊन पहिल्याच दावणीला होती. मला बघून म्हणाली, “सेक्रेटरी, तुमी देवाला मानीत न्हाई, ते ऱ्हाऊ द्या. पर देवानं तुमचं मशीन मानलं बघा.”

“देवानं नाही, मावशी,” मी म्हणालो. “पन्नास जणींच्या पाण्यात पळीपळीनं पडूनही फॅट दिसलं, ते तुमच्यासारख्यांच्या म्हशींच्या दुधानं. तुमचं दूध चांगलंच होतं. चूक माझी होती.”

तिनं पदरानं म्हशीची पाठ पुसली.

“मंग तसं लिवून द्या,” ती म्हणाली.

मी खिशातून राजीनामा काढला, त्याच्या कोऱ्या बाजूवर ती दोन वाक्यं लिहिली, सही केली आणि संस्थेत जाऊन गोल शिक्का मारून आणला. बायनाबाईनं कागद उलटा धरून शेवटपर्यंत बघितला, शिक्क्यावर बोट फिरवलं आणि पदराच्या गाठीत बांधला. तोवर म्हशीनं निम्मी मोळी संपवली होती आणि दुसरीकडे मान वळवली होती.